फणसाची फळी, दक्षिणेची लाट: प्रकल्प नोंदी

14 सप्टेंबर 2025, पुणे

प्रकल्पाला नाव नाही. फोल्डरवर तूर्तास ‘लाट-कच्चं’ असं लिहिलंय.

आज चौघं जमलो. एक फोटोवाला, एक साऊंडवाला, एक चित्रकार आणि फर्निचर करणारी मी. कॉलेजपासूनची मैत्री. आता चार दिशांना चार कामं, आणि वर्षातून एकदा एकत्र काहीतरी करायचं असा अलिखित करार, जो गेली दोन वर्षं मोडलाय. या वेळी ठरलं ते असं: सर्फिंगच्या तीन लाकडी फळ्या करायच्या, गाडीवर टाकायच्या, सावंतवाडीपासून कर्नाटकातल्या मुल्कीपर्यंत किनाऱ्याने जात लाटा शोधायच्या आणि परत आल्यावर हाताने छापलेलं एक छोटं पुस्तक काढायचं.

फोटोवाला आणि मी चार वर्षं सुट्टी मिळेल तसं गोव्याच्या खाली जाऊन सर्फिंग करतोय. शिकलो असं म्हणवत नाही. चित्रकाराला जेमतेम पोहता येतं, म्हणून नियम केला: ती कमरेच्या वर पाण्यात जाणार नाही. साऊंडवाला पाण्यातच जाणार नाही म्हणतो.

पहिलं भांडणही आजच उरकलं. फोटोवाल्याचं म्हणणं, फोमचे बोर्ड भाड्याने घेऊ, कशाला सुतारकाम. मी म्हटलं, फोमचा बोर्ड, रंगीत व्हॅन आणि मावळतीचा सूर्य असे फोटो जगात पुरेसे आहेत. माझा हट्ट लाकडाचा. दोन विरुद्ध एक, साऊंडवाला तटस्थ.

21 सप्टेंबर

आठवडाभर वाचन. हवाईतल्या जुन्या फळ्यांचे ढोबळ तीन प्रकार. ‘ओलो’ म्हणजे लांबलचक, सरदारांची, विलिविलीच्या हलक्या लाकडाची. ‘अलाया’ म्हणजे पातळ, माणसाएवढी, सगळ्यांची. आणि ‘पाइपो’ म्हणजे आखूड, पोटावर झोपून चालवायची. एकालाही खाली पंख नाही. फिन ही विसाव्या शतकातली गोष्ट. कॅप्टन कुकच्या मोहिमेतल्या जेम्स किंगने 1779 मध्ये हवाईकरांना लाटांवर पाहून सविस्तर वर्णन लिहून ठेवलं. फळ्यांचे जुने नमुने होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आहेत.

यातली खरी मेजवानी पुढे. अलाया करायला तिथे ‘कोआ’ आणि ‘उलू’ ही झाडं वापरत. उलू म्हणजे आपला नीरफणस! ज्याचे काप रवा लावून तळतात आणि ताटात पडले की पापलेटकडे कुणी बघत नाही, तोच. फणसाचा सख्खा चुलतभाऊ, एकाच कुळातला. म्हणजे कोकणात ज्याच्या सावलीत खाट टाकतात त्याच्या भावकीतल्या झाडावर हवाईचे लोक उभे राहून लाटा चालवत होते.

नीरफणस कुणी तोडून देणार नाही आणि मागायचीही इच्छा नाही. पण फणसाचं लाकूड मिळतं. पावसात उन्मळलेली झाडं चिरून ठेवलेली असतात. सावंतवाडीच्या एका मेस्त्रींना फोन केला. एका वाक्यात निकाल: “पक्षात नवा लाकूड हाडूचा नाय.” पितृपक्षाचा आज शेवटचा दिवस आहे हे माझ्या डोक्यातही नव्हतं. खंडेनवमीला या म्हणाले.

1 ऑक्टोबर, सावंतवाडी

आलो तर मेस्त्री हत्यारांची पूजा करत होते. वाकस, रंधे, पटाश्या, दोन करवती आणि शेवटी इलेक्ट्रिक रंधा, सगळ्यांना झेंडूचं फूल. इलेक्ट्रिक रंध्याच्या वायरलाही कुंकू. आज कामाला हात नाही, फक्त लाकूड दाखवलं.

माळ्यावर फणसाच्या फळ्या रचलेल्या. दोन वर्षांपूर्वी पडलेल्या झाडाच्या. रंग हळदीसारखा पिवळा, उजेडात राहिल्या की तपकिरी होत जातात. साऊंडवाल्याने एकीवर बोटाने टिचकी मारली आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. मृदंगाचं खोड फणसाचं, दक्षिणेतली वीणा फणसाची, हे त्याला माहीत होतं. मला नव्हतं. मग तो एकेक फळी वाजवत सुटला आणि ज्या तीन ‘बोलतात’ म्हणाला त्या आम्ही घेतल्या. मेस्त्रींनी हे सगळं न हसता पाहिलं. त्यांनीही आधी नखाने वाजवूनच बाजूला काढल्या होत्या, त्यातल्या दोन त्याच निघाल्या.

हवाईत झाड तोडण्याआधी मुळाशी लाल मासा ठेवून प्रार्थना करत, असं वाचलं होतं. मेस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, “मासो? आमी नारळ ठेवतो.” विषय संपला.

2 ऑक्टोबर, दसरा

मुहूर्ताला रेघ मारली, पाइपोसारख्या आखूड फळीची. लांबी 4 फूट, रुंदी 16 इंच, जाडी पाऊण इंच. एवढा रुंद तुकडा एकसंध नव्हता म्हणून फळीचे दोन तुकडे कडेला कड जोडून इपॉक्सीने चिकटवल्या. पुढचं टोक गोल, मागचं सपाट, पोटाकडे किंचित फुगवटा.

नकाशा कागदावर ठीक होता. लाकडावर उतरल्यावर मेस्त्री लांबून बघत म्हणाले, “बाय, ह्येच्यार बसान जेवतलात काय तुमी?”

खरंच पाटासारखी दिसते. फोटोवाल्याने तिला ‘पाट’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. पाट एक, पाट दोन.

5 ऑक्टोबर

वजन: पाट एक 6 किलो 200 ग्रॅम. डोकं धरून बसले.

अलायाचं जे पुनरुज्जीवन या शतकात ऑस्ट्रेलियात झालं, ते पॉलोनिया नावाच्या लाकडात. ते फणसाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं आणि खारं पाणी फारसं न पिणारं. आमचं लाकूड जड आणि वर अजून दमट. मेस्त्री म्हणाले, जाडी काढूया. वाकसाने पोटाकडून तासत 16 मिलिमीटरवर आणली. मेस्त्रींचा हात वाकसावर असा चालतो की खपली कागदाएवढी निघते आणि सगळ्या खपल्या सारख्या. मी एक दुपार प्रयत्न केला. माझ्या खपल्या वेगवेगळ्या मापाच्या आणि एक डाव्या अंगठ्याची.

आता 5 किलो 200. तरंगते, पण माझं वजन अर्थातच पेलणार नाही. पेलायचंही नाही. पातळ फळी पाण्यावर उचलली जाते ती वेगाने, तरंगण्याने नव्हे. वेग द्यायचा लाटेने.

तिसरी फळी करायला घेतली नाही. मेस्त्रींच्या मते ती अजून ओली आहे. परत माळ्यावर ठेवली.

9 ऑक्टोबर

तेल. हवाईत कुकुई नावाच्या बियांचं तेल चोळत, वापरून झालं की फळी वाळवून कापडात गुंडाळून ठेवत. आम्ही उंडीचं तेल घेतलं. कडवट वास, हिरवट रंग, पूर्वी होड्यांना आणि दिव्यांना दोन्हीकडे चालायचं. तीन हात दिले. खोलीला आठवडाभर जुन्या देवळाचा वास.

उरलेले तुकडे चित्रकाराने पिशवीत भरून घेतले. कशाला ते सांगत नाही.

24 ऑक्टोबर, पुणे

काल भाऊबीज, आज निघायचं होतं. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचे इशारे, कोकणात अवेळी पाऊस. फोटोवाल्याचा तर्क, वादळ म्हणजे मोठी लाट, निघूया. त्याला मी पुन्हा एकदा समजावलं (आणि इथे लिहून ठेवते म्हणजे पुढच्या वर्षी लिंक पाठवता येईल): वादळ जवळ असलं की लाट मोठी असते पण विस्कटलेली. वारा समुद्राकडून जमिनीकडे, लाटेची पाठ दाबून टाकतो. आपल्याला हवं ते उलट. वादळ हजारो किलोमीटर लांब, आणि इथे पहाटेचा मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. तो लाटेच्या तोंडावर येतो, तिला उभी धरतो. शाळेत ‘खारे वारे, मतलई वारे’ पाठ करताना हे कुणी सांगितलं असतं तर भूगोलात मार्क पडले असते.

पुढची तारीख 7 नोव्हेंबर.

7 नोव्हेंबर, पुणे ते सावंतवाडी

कोल्हापूर, आजरा, आंबोली. बोलेरोच्या कॅरियरवर दोन पाट, माझ्या आजीच्या गोधडीत गुंडाळलेले. कोल्हापुरात चौकशी: “तिरडी हाय का काय?” घाटात धुकं. बाकी नोंद करण्यासारखं काही नाही, मिसळ सोडून.

8 नोव्हेंबर, शिरोडा-वेळागर

आज संकष्टी. भरतीचं गणित तिथीवरून: तिथीची पाऊणपट. कृष्ण चतुर्थी, चार गुणिले तीन भागिले चार, म्हणजे भरती तीनला. हे गणित मुंबईच्या आसपास चपखल बसतं. भरतीची लाट दक्षिणेकडून वर सरकत येते, म्हणून इथे ती तीनच्या आधीच भरली. चित्रकार घड्याळ लावून बसली होती, तिने वाळूत रेघा मारून ठेवल्या. तीन दिवसांपूर्वीची पौर्णिमा वर्षातल्या सगळ्यात जवळच्या चंद्राची होती, त्यामुळे पाणी अजून उधाणातच.

लाट गुडघ्याएवढी. दिसायला सुंदर, ताकद नाही. त्याचं कारण किनाऱ्यावर नाही, तळाशी आहे. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ तीनशे किलोमीटरच्या आसपास आत जातो. लांबून आलेली लाट एवढं अंतर तळाला घासत येते आणि दमून पोचते. दक्षिणेकडे जावं तसा हा उथळ पट्टा अरुंद होतो. आमचा रस्ता त्याच दिशेने जातो तो त्यामुळेच.

पाट एकची पहिली चाचणी. पोटाखाली घेतला, लाट आली, टोक खाली घुसलं, मी पाटावरून पुढे आणि पाट माझ्यावरून पुढे. सहा वेळा. सातव्यांदा शरीर मागे सरकवलं तर लाट खालून निघून गेली. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांपैकी एक आजोबा येऊन पाट उलटासुलटा करून म्हणाले, “ही होडी येवढी बारीक कित्याक केल्यात?”

साडेचारनंतर पाण्याला ओढ लागली. एका जागी फेस न दिसता पाणी काळसर, सपाट, शांत. नवखा माणूस तिथेच उतरतो, कारण लाटा नसतात. लाटा नसतात कारण तिथून पाणी परत आत चाललेलं असतं. बाहेर येऊन बसलो.

9 नोव्हेंबर, हरमल आणि आश्वे

गोवा. गर्दी, फोमचे बोर्ड, संगीत. एका शिकवणाऱ्या पोराने पाट दोन मागून घेतला, “फिन कुठाय?” विचारलं, आणि पहिल्याच फेसाळ लाटेवर पंधरा मीटर गेला. आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. मग त्याने एवढंच सांगितलं की लाटेची वाट बघत झोपू नका, उथळात उभे राहा आणि ती आली की तिच्यासोबत उडी मारा. एक संध्याकाळ, एक वाक्य. पुढचा सगळा प्रवास त्यावर चालला.

10 नोव्हेंबर, मरवंते

दिवसभर गाडी. कारवारनंतर रस्त्याचं काम, कधी उजवीकडे समुद्र, कधी नुसते डंपर.

मरवंतेला राष्ट्रीय महामार्ग 66 एका अरुंद पट्टीवरून जातो. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी. साऊंडवाल्याने गाडी थांबवायला लावली. दोन मायक्रोफोन, एक नदीकडे, एक समुद्राकडे, मध्ये ट्रक. रात्री दहानंतर ट्रक विरळ झाले तेव्हा त्याला हवं ते मिळालं. डाव्या कानात जवळपास काहीच नाही. उजव्या कानात लाट.

तासाभराची फाइल बघताना त्याने एक गोष्ट दाखवली जी मी चार वर्षांत डोळ्यांनी पाहूनही मोजली नव्हती. लाटा सारख्या येत नाहीत. पाच-सहा मोठ्या, मग बराच वेळ किरकोळ, परत पाच-सहा. सर्फर याला ‘सेट’ म्हणतात. थोड्या वेगळ्या लयीच्या दोन लाटमाला एकमेकींवर पडल्या की कधी जोडी जमते, कधी एकमेकींना खातात. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज जसा फुगतो-ओसरतो, तसंच, असं तो म्हणाला. दोन लाटांमधलं अंतर: 13 ते 14 सेकंद. हे ऐकून मी ताडकन उठले. स्थानिक वाऱ्याच्या लाटा सहा-सात सेकंदांच्या. चौदा म्हणजे लांबून आलेली.

11 नोव्हेंबर, कोडी बेंग्रे

सुवर्णा नदी आणि समुद्र यांच्यामधली गावाची चिंचोळी पट्टी. भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती इशिता मालवीय मूळची मुंबईची, मणिपालला शिकायला आली आणि मित्राबरोबर 2007 मध्ये ‘शाका सर्फ क्लब’ सुरू केला तो याच पट्ट्यात. चित्रकाराला ही गोष्ट माहीत नव्हती. तिने दिवसभर पोरी काढल्या: शाळेच्या गणवेशात, सायकलवर, पाण्याकडे पाठ करून. पाण्यातल्या आमच्यापैकी एकाचंही चित्र नाही. मी विचारलं तर म्हणाली, “तुम्ही पाण्यात फक्त डोकी असता. डोकी कशाला काढू?”

लाट छान होती पण दहानंतर खारा वारा सुटला. उद्या पहाटे पाचला निघायचं.

12 नोव्हेंबर, ससिहित्लू

मुल्कीजवळ शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या एकत्र येऊन समुद्राला मिळतात. नद्या वाळू आणतात, समुद्र ती परत ढकलतो, आणि मुखाशी वाळूचा दांडा तयार होतो जो प्रत्येक पावसाळ्यात जागा बदलतो. लाट त्या दांड्यावर अडखळते आणि एकदम न कोसळता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलगडत जाते. सर्फरला हवं असतं ते हे उलगडणं. अमेरिकेतून आलेले जॅक हेबनर, ज्यांना ‘सर्फिंग स्वामी’ म्हणतात, त्यांनी 2004 मध्ये मुल्कीतच ‘मंत्रा सर्फ क्लब’ सुरू केला. देशातला पहिला म्हणून तोच ओळखला जातो. भजन, शाकाहार आणि पहाटेची लाट असा तिथला दिनक्रम. 2016 मध्ये ‘इंडियन ओपन ऑफ सर्फिंग’ ही स्पर्धा याच ससिहित्लूच्या वाळूवर झाली. यंदाच्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्य जिंकलं. वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. अशा वाळूवर आम्ही दोन पाट घेऊन उतरलो.

सहा वाजता मतलई वारा. लाट कमरेएवढी, चेहरा काचेसारखा. चौदा सेकंदांची लाट खोल पाण्यात दिवसाला साधारण साडेनऊशे किलोमीटर कापते. दक्षिण महासागरातून इथवर सहा-सात हजार किलोमीटर, म्हणजे आठवड्याचा प्रवास. त्रिपुरारी पौर्णिमेला पुण्यात मी गोधडी शोधत होते तेव्हा ही वाटेला लागली असणार. पाटावर हात टाकून उथळात उभं राहून मी ही आकडेमोड केली, आणि दोन चांगल्या लाटा त्यात गेल्या.

तिसरीला उडी मारली.

पाट पाण्याला चिकटलेला असतो, मग सुटतो. तेवढंच सांगता येतं. सुटला की आवाज बदलतो. फोमच्या बोर्डाचा फडफडाट असतो, याची सळसळ, पोटाच्या हाडात जाणवणारी. फिन नसल्याने मागचा भाग बाजूला घसरला, कोपर पाण्यात रोवलं तर परत सरळ आला. किनाऱ्याला समांतर गेले. किती ते माहीत नाही. चित्रकाराने नंतर पावलांनी मोजलं, 41 पावलं.

फोटो नाही. फोटोवाला स्वतः पाट दोन घेऊन माझ्या मागच्या लाटेवर होता, कॅमेरा बॅगेत. महिनाभर ज्या एका चित्रासाठी भांडला ते चित्र नाही. बाहेर येऊन आधी तो हसला, मग गप्प झाला, मग परत पाण्यात गेला.

साऊंडवाला मात्र वाळूत बसून रेकॉर्ड करत होता. त्यात लाट आहे, आणि सव्वादोन सेकंदांची माझी किंकाळी.

13 नोव्हेंबर, ससिहित्लू

पाट एकला तडा. जोडावर नाही, जोडापासून चार बोटं अलीकडे, रेषेतच. रात्री ओला ठेवला, सकाळी उन्हात. चूक माझी. हवाईवाले वाळवून गुंडाळून ठेवत ते काही हौस म्हणून नाही. तड्यात तेल भरून दोरीने बांधला आणि दोन लाटा त्याच्यावरही घेतल्या.

दुपारी निघालो. बन्स, गोळीबजे, रस्ता.

16 नोव्हेंबर, सावंतवाडी

मेस्त्रींनी तडा बघितला. बोलले नाहीत. आडवा छोटा तुकडा, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, खाच करून बसवला, तसे तीन. पैसे विचारले तर म्हणाले, पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा पाट पाण्यात घातलाय, त्याचे काय पैसे घ्यायचे.

30 नोव्हेंबर, पुणे

चित्रकाराच्या पिशवीचं रहस्य. पाटाच्या उरलेल्या तुकड्यांवर तिने छपाईचे ठोकळे कोरलेत. अकरा ठोकळे, अकरा पानं. वाळूतल्या भरतीच्या रेघा, मागे सरकणारी रापण, सायकलवरची पोर, गोधडीतले पाट. ससिहित्लूच्या पानावर साऊंडवाल्याच्या फाइलचा आलेख कोरलाय: सपाट, सपाट, फुगवटा, आणि मध्येच एक काटेरी सुळका. ती मी.

फोटोवाला म्हणतो, पुस्तकात फोटो एकही नको, एक असला तर उरलेलं नाटक वाटेल. त्याने छपाईचं काम घेतलं. दाब द्यायला यंत्र नाही, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. चाळीस प्रती ठरल्या, आज सव्वीस झाल्या, त्यातल्या नऊ बाद. निळी शाई फणसाच्या रेषांत शिरते आणि लाटेच्या पोटात आपोआप उभ्या रेघा उमटतात. त्या ठेवायच्या की नाही यावर तासभर वाद. ठेवल्या.

बाकी कामं: निळी शाई आणायची. नावाचं पान. पाट दोनला तेल.

तिसरी फळी अजून मेस्त्रींच्या माळ्यावर. आज फोन केला, त्यांनी काट्यावर ठेवून वजन सांगितलं: ऑक्टोबरपेक्षा 300 ग्रॅम कमी. मेपर्यंत हात लावायचा नाही म्हणाले.